हातातून निसटला

"डॉक्टरांचा हात वर गेला की मान खाली घालायची," नेनिताने ऑपरेशन थिएटरमध्ये नव्यानेच लागलेल्या जोनालिनला पहिल्या दिवशीच शिकवलं होतं. "आणि वहीत लिहायचं, चिमटा हातातून निसटला."

आज टेबलावर फिएस्ताच्या जत्रेतल्या भांडणात कोयत्याने पोट फाडलेला माणूस होता. कात्री द्यायला जोनालिनला जरा उशीर झाला, तर डॉक्टरांनी हातातला चिमटा तिच्या तोंडावर फेकून मारला. भुवई फुटली, मास्क लाल झाला. नेनिताने घाईघाईने पट्टी चिकटवली.

पोटातलं रक्त थांबल्यावर डॉक्टर म्हणाले, "दोरा. पोट शिवायचंय."

"मोजणीत एक चिमटा कमी भरतोय, डॉक," जोनालिन म्हणाली. "त्याची नोंद झाल्याशिवाय पोट बंद करता येत नाही."

"अगं भवाने, तो काय भिंतीपाशी पडलाय."

"नेनिताताई, तिथे कसा गेला तेही लिहा."

डॉक्टर नेनिताकडे वळले. "हिला काही शिकवलंस की नाही?"

"शिकवलं, डॉक. चुकीचं शिकवलं."

नेनिताने चिमटा उचलला आणि वहीत लिहिलं, 'डॉक्टरांनी फेकून मारला. भुवई फुटली.' मग स्वतःच्या भुवईवरच्या वणावरून बोट फिरवून तिने खाली तेच पुन्हा लिहिलं. तारीख मात्र बावीस वर्षांपूर्वीची घातली.