सतरा नंबरच्या बाईचा नवरा

गिरिजा अमेरिकेतल्या फ्रीमाँटच्या घरातून व्हिडिओ कॉलवर मुलाखती घेत होती. दोन देशांच्या भांडणात अडकलेल्या एका डोंगराळ भागात बेपत्ता माणसांच्या घरच्यांना मदत करणारा मानवी हक्कांचा एक कार्यक्रम चालू होता. त्याचा लोकांना कितपत उपयोग झाला, हे तिला तपासायचं होतं.

"उपयोग?" मुलाखतींच्या यादीतली सतरा नंबरची बाई दुभाष्यामार्फत म्हणाली. "त्यांनी पाच अर्ज लिहून दिले. पाचही वेळा सरकारचं उत्तर आलं, या नावाचा माणूसच नाही. तुम्ही तरी माझ्या नवऱ्याचं नाव लिहा."

तिने एकेक अक्षर सांगितलं. गिरिजाने टाइप केलं.

रिपोर्ट वाचून तिच्या मॅनेजरचा, सत्यजितचा, फोन आला. "ते नाव काढ. रूल आहे."

"तिला एवढंच हवंय रे."

"आणि उद्या तिलाच उचलून नेलं तर?"

गिरिजाने नाव खोडून तिथे 'उत्तरदाती १७ चे पती' असं लिहिलं.

पंधरा दिवसांनी दुभाष्याने कॉल केला. "मॅडम, ती बाई रोज तासभर चालत आमच्या ऑफिसात येते. एकच विचारते, नाव बरोबर लिहिलंय ना? तिला वाटतं, अर्जात एखादं अक्षर चुकलं म्हणूनच तो सापडत नाही. काय सांगू?"

गिरिजाने रिपोर्ट उघडून 'उत्तरदाती १७ चे पती' ही ओळ पाहिली.

"बरोबर लिहिलंय म्हणावं," ती म्हणाली. "मी दोनदा तपासलंय."