ओट्यावरची रेंज

भिकुबाईच्या हृदयाचं ऑपरेशन सत्तरीपुढच्यांच्या मोफत उपचाराच्या सरकारी कार्डावाचून अडलं होतं. आता कार्ड काढणं सोपं झालं होतं. कापूस वेचून झिजलेला अंगठा उठला नाही तरी चालत होतं, मोबाईलसमोर नुसता चेहरा धरला की काम झालं. पण मोबाईलला रेंज यायची ती फक्त ओट्यावर, आणि तिथे खाटेवर लोटन आबा बसलेले. ते तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ. लग्न होऊन आल्यापासून या जेठासमोर तिने तोंडावरचा पदर कधी सारला नव्हता.

आबांचं कार्ड चटकन निघालं. मग कार्डं काढायला आलेली आशासेविका मयुरी भिकुबाईकडे बोट दाखवून म्हणाली, "आबा, तुम्ही जरासं घरमा बठता का? अक्काना फोटो काढना शे."

"मना ओटा शे, मी काबर उठू?" आबा हसले. "पुढला महिनाले ये. तिले काय घाई शे?"

"राहू दे बेटी," भिकुबाई पदराआडून पुटपुटली. "आबाले उठाडू नको."

पुढचा महिना उजाडायच्या आत अंगणात तिरडी बांधली गेली. कोणीतरी म्हणालं, "आबा, शेवटलं तोंड दखी ल्या."



आबा लगेच उठले, आणि त्यांनी तिचं तोंड पहिल्यांदा पाहिलं.