अण्णाजींची शोकसभा

"थांब," खाटेवर पडलेले अण्णाजी म्हणाले. "हा वड त तानबाच्या वक्ती पडला होता."

चंद्रभानने कागद खाली केला. 'गावाचा आधारवड उन्मळून पडला' हे त्याचे पहिलेच वाक्य होते. अण्णाजींनी त्याला त्यापुढे जाऊ दिले नाही.

"मंग पुंडलिकराव गेला, तवाबी हाच पडला. गावात वड हायेत तरी किती रे?"

आत चुलीपाशी बसलेल्या देवकाबाईंना, म्हणजे अण्णाजींच्या पत्नीला, तशाही स्थितीत हसू आवरले नाही.

पवनारच्या अलीकडे, धाम नदीच्या काठी वसलेल्या त्या गावात सरणाला अग्नी दिल्यावर मंडळी लगेच घराकडे वळत नसत. ती वाळूत बसत आणि दिवंगताविषयी चार शब्द बोलले जात. पुष्कळ वर्षांपासून हे चार शब्द चंद्रभानच लिहून आणी व तोच वाची. तो सातवी उत्तीर्ण असून ग्रामपंचायतीत शिपाई होता. 'सौजन्याचा सागर', 'कधीही भरून न निघणारी पोकळी' अशी पदे तो गंभीर स्वरात उच्चारी, तेव्हा लोकांच्या माना आदराने डोलत. वर्ध्याच्या वाचनालयातून आणलेल्या ग्रंथांतून त्याने ती वेचली होती. त्यांच्यावर त्याचे प्रेम निष्कपट होते. दर वेळी केवळ नाव बदलावे लागे.

सन १९७९ च्या त्या हिवाळ्यात डॉक्टरांनी अण्णाजींना घरी नेण्यास सांगितले. त्याचा अर्थ अण्णाजींना कळला. त्यांची एकच इच्छा उरली. आपल्या शोकसभेत काय वाचले जाणार, ते त्यांना जिवंतपणी ऐकायचे होते. "मेल्यावर आयकू येत नाई," एवढेच कारण त्यांनी दिले.

दुसऱ्या दिवशी चंद्रभान नवा कागद घेऊन आला. या वेळी त्याने अधिक कठीण शब्द योजले होते. त्यात कीर्तिध्वज होता, ज्ञानदीप होता आणि काळाचा क्रूर घालाही होता. अण्णाजींनी सर्व ऐकून घेतले.

"हे कोन्या राजाचं हाय," ते म्हणाले. "त्याले वापस देऊन ये."

चंद्रभानचा चेहरा उतरला. याहून उंच भाषा त्याच्यापाशी नव्हती, आणि अण्णाजींपाशी वेळ नव्हता. पायरीवर बसून तो नुसता कागदाची घडी घालीत व उलगडीत राहिला.

"चंद्रभान, मी गेल्यावर तुले माही याद येईन का नाई?"

"येईनच ना, अण्णाजी."

"काय याद येईन?"

चंद्रभानने कागद बाजूला ठेवला. "ते लिहाच्या लायक नाई जी. साधं हाय. रूपरावभाऊच्या घरी तुमी बैल नेला, ते."

रूपराव हा अण्णाजींचा धाकटा भाऊ. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे दोघांच्या सामायिक बांधावरून, भांडण झाल्यापासून भावाभावांत शब्द उरला नव्हता. त्या घरात रूपरावाचे नावही कोणी घेत नसे. देवकाबाई पदराला हात पुशीत दारात येऊन उभ्या राहिल्या.

"लिही," अण्णाजी म्हणाले.

"आन् घाटावर रूपरावभाऊ समोर बसून राहीन त?"

"म्हणूनच त लिही म्हणतो, बयताडा."

चंद्रभान तेथेच लिहू लागला. सवयीने त्याने 'महामना' हा शब्द लिहिला, आणि खोडला. 'वृषभ' लिहिला, तोही खोडला. ग्रंथातला एकही शब्द त्या बैलाजवळ उभा राहीना. अखेरीस कागदावर जे उरले, ते त्याने भीतभीत वाचून दाखवले. अण्णाजींनी भिंतीकडे तोंड फिरवले होते.

तसेच पडून ते म्हणाले, "हे माहं हाय."

त्याच आठवड्यात अण्णाजी गेले.

घाटावर सारे गाव आले. रूपरावही आला; पण तो दूर, नदीकडे तोंड करून बसला. चंद्रभान उभा राहिला, तेव्हा लोकांनी माना डोलवण्याची तयारी केली. आजवर त्याच्या आणि श्रोत्यांच्या मध्ये थोर थोर ग्रंथ उभे असत. आज मध्ये कोणीच नव्हते.

"अण्णाजी भांडखोर होते," त्याने वाचले.

माना जागच्या जागी थांबल्या.

"वीतभर मातीसाठी ते सख्ख्या भावाशी भांडले. ऐन पेरणीत भावाचा बैल मेला. अण्णाजींनी पहाटे आपला बैल नेऊन भावाच्या दारात बांधला. मी पाहिले, तेव्हा मला दटावले की कोणाला सांगशील तर पाय तोडीन. बैल त्यांनी दिला, पण भांडण परत घेतले नाही. पेरणी झाली आणि एका सकाळी बैल अण्णाजींच्या दारात परत उभा होता. त्याच्या शिंगांना तेल लावलेले होते. अण्णाजी त्या शिंगांवरून किती तरी वेळ हात फिरवीत राहिले. इतक्या वर्षांत दोन्ही भावांचे बोलणे झाले ते एवढेच."

एवढे वाचून चंद्रभान खाली बसला. त्याने कोणालाही स्तब्ध उभे राहण्याची विनंती केली नाही. तरीही कोणी हलले नाही, कोणी खाकरलेही नाही. सरणातील लाकडांचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

मग रूपराव उठला. लोकांमधून वाट काढीत तो सरणापाशी गेला आणि ज्वाळांकडे पाहत, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा स्वरात म्हणाला, "दादा, धुरा तुहाच होता."

त्या गावात आजवर अनेक थोर माणसे निवर्तली होती. परंतु स्वतःचे मरण मेलेले अण्णाजी हे पहिलेच गृहस्थ होत.