रंगीत तालीम

“तू फक्त अंग सैल सोड,” ऑरिन म्हणाला. “अर्धांगवायू झालाय असं समज. संध्याकाळपर्यंत तुझं सगळं करून दाखवतो. मग सांग, विमा कशाला हवा ते.”

वर्ना हसत पलंगावर आडवी झाली. म्हातारपणी अंथरुणाला खिळलं तर सेवेचा खर्च देणारा विमा. त्यावरून आठवडाभर नवराबायकोची धुसफूस चालली होती. तिला तो दोघांच्याही नावाने हवा होता. परक्यांनी आपलं अंग पुसायचं, हे ऑरिनला पटत नव्हतं. त्याच्या आईचं अंथरुणातलं सगळं वर्नानेच केलं होतं. तेव्हा हा दारात उभा राहून नुसता बघायचा.

आता मात्र त्याचा हात सराईत चालत होता. त्याने तिला कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली, तिला न उठवता खालची चादर बदलली. शिजवलेल्या सफरचंदाचा गर भरवला. हनुवटीवर ओघळलेला चमच्याच्या कडेने टिपून घेतला.

“कुठे शिकलास रे हे?”

“बोलायचं नाही. वाचा गेलीय तुझी.” मग तिच्या गालावर थोपटत म्हणाला, “शहाणी ना तू माझी? एवढा घास घे.”

वर्नाने घास गिळला. सासूला भरवताना ती हेच म्हणायची. सूरसुद्धा तिचाच होता.

“पुरे, ऑरिन. पटलं मला. उठते आता.”

त्याने तिच्या खांद्यावर तळवा ठेवला. जोर फारसा नव्हता.

“आईपण असंच म्हणायची,” तो म्हणाला. “तू ऐकायचीस?”

त्याने पांघरूण दोन्ही बाजूंनी गादीखाली घट्ट खोचलं, पडदा ओढला. मक्याच्या शेतावरचं दुपारचं ऊन बाहेरच राहिलं.

स्वयंपाकघरात फोन वाजला. विमा विकणारी मार्लिस असणार. काय ठरलं ते ती आज विचारणार होती. ऑरिन बाहेर गेला. त्याचा आवाज भिंतीपलीकडून स्वच्छ ऐकू येत होता, शांत, थोडा थकलेला.

“नाही गं, तिला फोनवर नाही येता येणार... हो, दोघांनी मिळूनच ठरवलं. तिचा नको, तिला मी आहे. माझा तेवढा उतरव. हिची ही अशी अवस्था. उद्या मला कोण बघणार?”

वर्नाने हाक मारायला तोंड उघडलं. मग पावलं परत येताना ऐकू आली, आणि तिने ते मिटून घेतलं.