निम्मी धाप

न्यूमोनियातून उठल्यावर रेवाची ही मोसमातली पहिलीच शर्यत. डॉक्टरांनी जोडपट्ट्याच्या अटीवरच परवानगी दिली होती. पळणाऱ्याची निम्मी दमछाक तो पट्टा जोडीदाराच्या अंगात उतरवायचा, आणि जोडीदार म्हणून तिच्या प्रशिक्षक घोरपडेबाई हट्टाने स्वतःच बसल्या होत्या.

आठशे मीटरची शर्यत सुटली. पहिल्या फेरीतच बाकावर बसल्या जागी बाईंचा ऊर धपापू लागला. रेवा शेवटच्या वळणावर आली तशा बाईंच्या पोटऱ्या भरून आल्या, डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण नजर काही रेवावरून हलली नाही.

"पळ गं पोरी! अजून टाक माझ्यावर!"

रेवा तिसरी आली आणि तशीच बाईंकडे धावली.

"बाई, अहो, काय झालं तुम्हाला?"

"काय व्हायचंय? तुझीच धाप, निम्मी सोसली."

रेवा ओशाळली. "तुमच्या बीपीची भीती वाटली म्हणून मी पट्टा शर्यतीआधीच बंद केला होता."

बाईंनी मनगटाकडे पाहिलं. पट्ट्यावरचा दिवा खरंच विझलेला होता.

"गाढवे, सगळं एकटीनं सोसलंस?"

त्यांनी रेवाचा कान धरला खरा, पण पिळायला हातात जोरच उरला नव्हता.