टिप्याला पाठ झालेली वाट

जंगलात मी हरवले तेव्हा थंडीत आमचा टिप्या माझ्या पोटाशी बिलगून झोपला, पाण्याचा ओढा त्यानेच शोधला, आणि माझी ओढणी दातांत धरून त्यानेच मला घरी आणलं. दारात ही गर्दी! आई रडत होती. काका म्हणाले, "पोरगी वाघीण आहे हं!" बाबांनी तर स्वतः दुधाचा वाडगा आणला. "आजपासून हा कुत्रा नाही, माझा थोरला मुलगा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टिप्या मात्र शेपूट पायांत घालून माझ्यामागे लपला.

"पण एवढ्या जंगलातून ह्या मुक्या जिवाला वाट सापडली तरी कशी?" शेजारच्या मावशींनी विचारलं.

बाबांनी हात जोडले. "देवाची करणी!"

माझं डोकंच सणकलं. आजवर बाबांसमोर माझी मान कधी वर झाली नव्हती. आज झाली.

"देवाला कशाला मध्ये आणता, बाबा? म्हातारा झाला म्हणून तुम्हीच त्याला गाडीत घालून तिथे टाकून आलात. मी त्यालाच शोधायला गेले होते. आणि वाट म्हणाल, तर ती तुम्हीच त्याच्याकडून पाठ करून घेतलीत. ही तिसरी खेप होती."