चार बोटं उशी

इसाक पिंजाऱ्यानं उशीची शिवण उसवली आणि आत हात घातला. हात मनगटापर्यंतही गेला नाही.

"कौतिकभाऊ, ही उशी शे का उंबरठा?"

कौतिक हसला. त्याला ती शाबासकीच वाटली. कापूस वेचायला लागलं की पहिली ओंजळ शेताच्या मातीला आणि दुसरी मायच्या उशीला, हा नेम त्यानं बाप गेल्यापासून धरला होता. बारा सालं झाली. एकदाही चुकला नव्हता.

"आते आनखी भरा," तो म्हणाला. "हात आखडू नका. तीन महिना व्हयनात, माय झोपनी नही."

माय, धुरपदाबाई, निंबाखाली पौषाच्या उन्हात बसली होती. मान वळवायची तर तिला सगळं अंग वळवावं लागे. वैदाचं तेल झालं, भगताचा दोरा झाला. रात्र झाली की ती भिंतीला टेकून बसायची आणि कोंबड्याची वाट पाहायची.

इसाक कापूस उपसू लागला. वरचा पांढरा, खालचा पिवळट, त्याखालचा गाठी धरलेला. सालावर साल बसलेलं. चादरीवर ढीग वाढत गेला आणि खोळ रिकामी लोळू लागली. इसाकनं ढिगातला थोडासाच कापूस पिंजायला घेतला, बाकीचा बाजूला सारला.

कौतिकचं हसू मावळलं.

"इसाकभाऊ, तो बाजूना कापूस उशीनाच शे ना?"

पिंजाऱ्याला कुणी असं विचारलं, की त्याचा अर्थ एकच असतो. इसाकची बायको सकीना गाठी सोडवत होती, तिची बोटं थांबली.

इसाक चिडला नाही. "उशीनाच शे, भाऊ. आनि हाऊच अक्काले झोपू देत नव्हता. मन्हावर भरोसा नही ना? मंग भिंतले इचारू."

त्यानं सकीनाला खूण केली. सकीना उठली, धुरपदाबाईला हाताला धरून भिंतीपाशी घेऊन गेली.

"अक्का, टाचा भिंतले लावा. पाठ लावा. आते सरळ समोर देखा."

"अशी मोजस, जशी नवरीनी चोळी शिवानी शे!"

"हासू नका अक्का, माप हालस."

धुरपदाबाईच्या मानेमागं भिंत आणि मान यांच्यात एक खळगी राहिली होती. सकीनानं तिच्यात बोटं सरकवली. एक गेलं, दुसरं गेलं, तिसरं, चौथं. पाचवं जाईना.

"चार बोटं," ती म्हणाली.

"अक्का, उतान्या निजतस का कुशीवर?" इसाकनं लांबूनच विचारलं.

"उतानी. तशीच सवय शे."

"मंग चारच बोटं. कुशीवर निजनाराले खांदाइतली उशी, उतानं निजनाराले मानना खळगाइतली. ही ते दीड वीत व्हती. रातभर अक्काना डोकं छातीवर वाकेल ऱ्हाये, अन् मनका ताणेल."

कौतिक मायकडे पाहत राहिला.

"माय, तुले दुखे, ते तू कधी बोलनी का नही?"

"तू हासत हासत कापूस लई येस," धुरपदाबाई म्हणाली. "कसं सांगू?"

मग अंगणात फक्त पिंजणाची तात, कापूस पिंजायची ती ताणलेली दोरी, बोलत राहिली. कापूस उडाला, मोकळा झाला, हलका झाला. सकीनानं खोळ भरली. मानेच्या बाजूला जरा घट्ट, डोक्याच्या बाजूला सैल. मधेमधे ती चार बोटं उभी धरून बघत होती. ढीग होता तिथंच होता.

"उरेल बठ्ठा तुम्हीच लई जा," कौतिक खाली बघत म्हणाला.

"कसाले?" सकीना म्हणाली. तिनं तो ढीग एका जुन्या लुगड्यात घट्ट गुंडाळला आणि त्याची लोळी केली. "तुम्हना कापूस वाया जाऊ देनार नही, भाऊ. ही अक्काना गुडघाखाल ठेवा. कंबरले आराम पडी."

घोंगडी अंथरली. धुरपदाबाई संकोचली.

"भर दिसा निजू? शेजारनी यशोदा गावभर सांगी."

"सांगू दे. आम्हले नुसतं माप देखनं शे," सकीना म्हणाली.

धुरपदाबाई आडवी झाली. सकीनानं मानेखाली उशी सारली, गुडघ्यांखाली लोळी. धुरपदाबाईची हनुवटी छातीवरून उठली आणि आभाळाकडे झाली. निंबाच्या फांद्या तिनं किती दिवसांनी अशा सरळ पाहिल्या.

"इसाकभाऊ," ती म्हणाली, "आते तुम्ही जेवन करीसनच..."

पुढचा शब्द आलाच नाही. मग तिच्या नाकातून बारीक सूर निघाला, जात्यात पहिले दाणे पडावेत तसा.

ऊन निंबाच्या पानांतून सरकत तिच्या डोळ्यांवर आलं. पापण्या हलल्या. कौतिक पुढे झाला आणि उन्हाच्या आड उभा राहिला. अंगावर ऊन, चेहऱ्यावर सावली. आता त्याला तिथून हलता येईना.

इसाक आणि सकीना निघाले. कौतिकला काय काय बोलायचं होतं. बोलला तर माय उठेल, आणि जवळ जावं तर सावली जाईल. त्यानं उभ्या जागेवरून दोन्ही हात जोडले. हात जोडलेलेच ठेवले. डोळ्यांतलं पाणी पुसायला त्याला हात उरला नाही.

इसाकनं ते पाहिलं. एरवी एका घरातून निघाला, की तो तात छेडत जायचा. त्या आवाजानं पुढची दारं उघडायची, पुढचं काम मिळायचं. आज त्यानं पिंजण खांद्यावर घेतलं आणि तातीवर पालथा पंजा ठेवला, वाऱ्यानंसुद्धा ती बोलू नये म्हणून.

तसाच तो सगळी गल्ली उतरून गेला.